खिडकीत ठेवलेलं शेवाळ

चारठाण्याच्या देवळांचे दगड बाहेरून काळे पडलेले आहेत. तो काळेपणा धुराचा नाही, मळाचाही नाही. तो जिवंत आहे. हे मला माझ्या मित्रानं दाखवलं, मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी. आज माझी ऐंशी उलटली, तरी ती दुपार आठवली की अंगात पुन्हा तरतरी येते.

आम्ही दोघं परभणीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. एकाच वर्षी नोकरीला लागलो, स्टाफरूममध्ये शेजारी बसायचो. तो सोनपेठकडच्या एका खेड्यातला, बौद्ध घरातला. मी गंगाखेडकडचा, घरी बागायती ऊस. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही यावरून भिंती रंगलेल्या असायच्या, एका भिंतीवर हो आणि समोरच्या भिंतीवर नाही. खेड्यांमध्ये घरं जळाली होती. त्याची आई गावाकडे एकटी राहायची, त्यामुळे कुठं काही झालं की तो पहिल्या एसटीनं सोनपेठला पळायचा. कॉलेजात मात्र आम्ही भिंतींविषयी बोलत नसू. आम्ही शेवाळाविषयी बोलायचो.

त्यानं पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. तापलेल्या दगडावर वाढणारं निळं-हिरवं शेवाळ हा विषय. लोक हसायचे, कारण शेवाळ म्हटलं की विहीर, ओल, घसरणं. तापल्या दगडावर शेवाळ कुठून येणार? म्हणून तो मला जिंतूरच्या गाडीनं चारठाण्याला घेऊन गेला. देवळामागं पडलेल्या एका सुट्या दगडापाशी उकिडवा बसला आणि तांब्यातलं पाणी त्यावर हळूहळू सोडू लागला. दगड इतका तापलेला की पहिली धार चर्र वाजली.

सावलीत बसलेला एक म्हातारा हे बघत होता. न राहवून तो उठून आला.

"गुरुजी, देव आत हाय. भायेर कुणाला पाणी पाजायलाय?"

"ह्यालाच," मित्र दगडाकडं बोट करून म्हणाला. "दिवाळीपासून उपाशी हाय बिचारा."

म्हातारा माझ्याकडं वळला. "ह्यांला ऊन लागलंय वाटतं. सावलीला न्या, कांदा हुंगवा."

आम्ही पोटभर हसलो. तिथंच बसून भाकरी खाल्ली, मधूनमधून दगडावर पाणी शिंपडत राहिलो. जेवण होईस्तोवर दगडाचा काळा रंग मऊ पडला होता. मित्रानं भिंग माझ्या हातात दिलं. मी वाकलो, आणि ओरडलोच. काळ्या पापुद्र्याच्या आतून हिरवं फुटत होतं! महिनोन् महिने पाण्याचा थेंब नाही, तव्यासारखा तापलेला दगड, आणि हे त्यावर जगतंय! म्हाताऱ्यालाही भिंग दिलं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "लय चिवट हाय की. आमच्यावानी."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आमच्या सूक्ष्मदर्शकांना दिवा नव्हता. खाली एक छोटा आरसा असायचा, तो खिडकीकडं वळवून उजेड पकडायचा. आरसा जुळला आणि उसाच्या कांड्यासारखे, पेरापेरांचे हिरवे धागे दिसले. प्रत्येक धाग्याभोवती पिवळसर तपकिरी नळी, जुन्या औषधाच्या बाटलीच्या काचेसारखी.

"ही त्याची छत्री," मित्र म्हणाला. "उन्हातले अतिनील किरण ह्या नळीतच अडतात. म्हणून दगड काळा दिसतो. लाखो छत्र्या उघडून बसलेत."

आणि लगेच त्याचा पुढचा प्रश्न. तो असाच होता, एक दार उघडलं की त्याला दुसरं दिसायचं.

"पण छत्री फाटली तर रे? काही किरण आत जाणारच. आत गेले की पेशीचं नुकसान होणारच. माणूस भिजला तर घरी जाऊन अंग पुसतो. हे काय करतं?"

हा प्रश्न त्याच्या प्रबंधाचा गाभा झाला. अतिनील किरणांनी जखमी झालेलं शेवाळ स्वतःला दुरुस्त करतं का, आणि करत असेल तर कशानं?

त्यासाठी आम्ही जे उभं केलं ते आठवून आजही मजा वाटते. एका डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरमधली जुनी जंतुनाशक नळी दिली, ती अतिनील किरणांचीच असते. सुतारानं तिच्यासाठी लाकडी पेटी केली. काचेच्या पेट्री डिश, ज्यांना आम्ही बशा म्हणायचो, त्या निर्जंतुक करायला कॉलेजचं यंत्र बंद होतं, म्हणून त्याच्या घरचा प्रेशर कुकर. त्याची बायको दारात उभी राहून विचारायची, "भाऊजी, आज डाळ लावू का शेवाळ? एकदा ठरवून सांगा, पाहुणे यायचेत."

बशांमध्ये वाढवलेलं शेवाळ हिरवंगार असायचं. लॅबच्या सावलीत वाढल्यामुळं त्याला तपकिरी नळी जेमतेम यायची. म्हणजे छत्रीशिवायचं शेवाळ. आम्हाला तेच हवं होतं. बशांची झाकणं काढून त्या पेटीत ठेवायच्या, नळी पेटवायची, मग झाकणं लावून लाकडी कपाटात, वरून काळं कापड दुहेरी. कापड त्याच्या वडिलांच्या जुन्या छत्रीचं होतं, शिवण उसवून काढलेलं. एक दिवस अंधारात ठेवायचं, त्यानंतर नेहमीच्या उजेडात वाढायला. अंधार का, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच्या मार्गदर्शकांनी दिलेल्या टंकलिखित कागदावर तशी कृती होती. कृतीत लिहिलंय ते करायचं, आपल्याकडं प्रॅक्टिकल असंच चालतं. मीठ किती घालायचं ते सांगतात, का घालायचं ते कुणी सांगत नाही.

एवढं करून शेवाळ मरायचं. दरवेळी. चार-सहा दिवसांत बशा फिकट पिवळ्या पडायच्या, ताकातल्या कढीपत्त्यासारख्या. मित्र खचत नव्हता. "मरतंय म्हणजे नळी चांगली आहे," म्हणायचा.

मग तो दिवस आला. सकाळी लवकर त्यानं बशांना किरण दिले, कपाटात ठेवल्या, कापड टाकलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि सोनपेठची गाडी पकडली. आईचा निरोप होता. त्याच दिवशी आमच्याकडं बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक, ज्यांना सगळे एक्स्टर्नल म्हणत, ते यायच्या आत ओळखायला ठेवायच्या नमुन्यांसाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून ठेवा, असं विभागप्रमुखांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी विसरलो होतो. शिपाई धावत आला, "सर, एक्स्टर्नल रिक्षातून उतरायलेत!" मी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातल्या बशा उचलल्या आणि जागा दिसेल तिथं, म्हणजे खिडकीत, मांडल्या. खालच्या कप्प्यावर कापड तसंच राहू दिलं. परीक्षा संपली, एक्स्टर्नल जेवायला गेले, तशा मी बशा पुन्हा कपाटात ठेवल्या, कापड सारखं केलं. एवढंच. मला ते चोरीसारखं वाटलंही नाही. पाहुणे आले की आपण गादीवरचे कपडे उचलून दुसरीकडं टाकतो, तसं.

आठवड्याभरानं मी वर्गावर होतो. मित्र दारात येऊन उभा राहिला. शिकवणं चालू असताना दारात यायचं नाही हा आमचा नियम, आणि तो मुलांदेखत हाक मारत होता. "सर, जरा या. आत्ता या!" मी खडू टाकून गेलो. लॅबच्या टेबलावर बशा दोन रांगांत मांडलेल्या. एक रांग मेलेली, पिवळी. दुसरी हिरवी. नुसती हिरवी नाही, पोपटी, कडेनं नवे धागे फुटलेले!

"एकच नळी," तो म्हणाला. "एकच वेळ. एकाच बाटलीतलं शेवाळ. अर्धं मेलं, अर्धं उठून बसलं! अरे, दुरुस्ती होते! होते दुरुस्ती!"

त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही दोघं थोराड प्राध्यापक त्या टेबलाभोवती फुगडीसारखे फिरलो. शिपाई म्हणाला, "सर, पेढे आणू का पोलिस?" मित्रानं खरंच पेढे मागवले.

माझ्या मनात खिडकी आली का? आली. पण उजेडानं शेवाळ मरतं की जगतं याचा मी विचारच केला नाही. नुकसान झालं नाही, उलट चांगलंच झालं, मग कशाला बोला, असं वाटलं. आणि कापडाला हात लावल्याचं कळलं तर तो माझ्यावर चिडला असता.

महिन्याभरानं त्याचे मार्गदर्शक विद्यापीठातून आले. विभागप्रमुखांच्या खोलीत आम्ही चौघं. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"किरण दिल्यावर बशांना उजेड लागला होता?"

"नाही सर," मित्र म्हणाला. "कपाटात होत्या. दुहेरी कापड. मी गावी गेलो होतो, किल्ली ह्यांच्याकडं होती."

ते माझ्याकडं वळले. "कपाट उघडलं होतं का?"

विभागप्रमुख माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, हो म्हणालो तर प्रयोग मी बिघडवला असं होईल. हो म्हणणं म्हणजे प्रयोग वाचवणं आहे, हे त्या क्षणी मला कळलं नाही.

"नाही सर," मी म्हणालो. "बंदच होतं."

"उजेड लागला असता तर गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले. "आता हे पुन्हा करून दाखवा."

मित्रानं पुन्हा केलं. माझ्या शब्दावर उजेडाचा विचार सोडून देऊन, अगदी कृतीबरहुकूम, कापड तिहेरी करून. सगळं मेलं. पुन्हा केलं, सगळं मेलं. त्यानं पाणी बदललं, ज्यावर शेवाळ वाढतं ते जेलीसारखं अगार बदललं, कुकर बदलला. चारठाण्याहून नवं शेवाळ आणलं. जितकं काटेकोर करावं तितकं मरायचं. मार्गदर्शकांनी विचारलं, पहिले आकडे आणले कुठून? ते प्रकरण प्रबंधातून मागं घ्या. मित्रानं नकार दिला. "मी पाहिलंय ते मी पाहिलं नाही असं लिहिणार नाही," म्हणाला. त्याची नोंदणी तशीच संपली.

स्टाफरूममध्ये तेव्हा चहाच्या दोन बैठका झाल्या होत्या, कुणी ठरवून केल्या नव्हत्या तरी. माझ्या बैठकीत एकजण म्हणाला, "सवलतीवर आलेल्यांचं संशोधन असंच असायचं. आकडेसुद्धा सवलतीत." सगळे हसले. मीही कप तोंडाला लावला. तोवर मला पक्कं माहीत होतं की प्रश्न खिडकीचा आहे. मार्गदर्शकांचं ते वाक्य माझ्या कानात होतंच. पण आता बोललो असतो तर नुसता खोटा ठरलो नसतो, त्याच्या बाजूचा ठरलो असतो. आणि त्या दिवसांत बाजू ही चहाच्या कपापासून सोयरिकीपर्यंत जायची. म्हणून मी गप्प राहिलो. याला दुसरं कारण नाही.

तो बदली मागून गंगाखेडला गेला. जाताना मला म्हणाला, "काय राव, शेवाळानं मला खोटं पाडलं."

काही वर्षांनी मी प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गाला गेलो. दुपारचं व्याख्यान, अर्धे लोक पेंगलेले. बोलणारे गृहस्थ फळ्यावर एक शिडी काढत होते. पेशीतला डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. अतिनील किरण पडले की शेजारच्या दोन पायऱ्या एकमेकींना चिकटतात, शिडी तिथं अडते, पेशीला स्वतःची नक्कल करता येत नाही. पुढं त्यांनी शिडीवर एक छोटा गोळा काढला. हे एन्झाइम, म्हणाले, त्या चिकटलेल्या जागी जाऊन बसतं. पण नुसतं बसून राहतं. त्याला कामाला लागायला उजेड लागतो. निळसर उजेड पडला की तेवढ्या बळावर ते पायऱ्या सोडवतं आणि पेशी पुन्हा चालू होते. मात्र हा उजेड लगेच मिळायला हवा, दिवसभरानं मिळाला तर फार उशीर झालेला असतो. "म्हणून," ते खडू झटकत म्हणाले, "किरण दिल्यावर बशा अंधारात ठेवतात. खिडकीत ठेवाल तर पेशी आपली आपण बरी होईल."

मी उभा राहिलो. खुर्ची मागं पडली. सगळे वळून बघायला लागले. "खिडकीत?" मी ओरडल्यासारखं विचारलं. ते हसले, "हो, साध्या खिडकीत."

मला त्या क्षणी आधी शरम वाटली नाही. आधी आनंद झाला, ते खरं सांगितलं पाहिजे. ज्या उन्हानं जखम होते, त्याच उन्हातला दुसरा भाग ती शिवतो! चारठाण्याचा दगड माझ्या डोळ्यांपुढं आला. दिवसभर मार खायचा आणि दिवसभर दुरुस्त होत राहायचं, दोन्ही एकाच वेळी, एकाच उजेडात. मित्रानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच बशांत हिरवं होऊन समोर आलं होतं, आणि ते मी कापडाखाली परत ठेवलं होतं.

परतल्यावर पहिल्या रविवारी मी लॅब उघडली. सुतारानं केलेली पेटी माळ्यावर होती, नळी अजून पेटत होती. छत्रीचं कापडही सापडलं, घडी घातलेलं. चारठाण्याहून शेवाळ आणून वाढवून घेतलं, किरण दिले, अर्ध्या बशा कपाटात, अर्ध्या खिडकीत. मग रोज जाऊन बघायचो, परीक्षेचा निकाल बघणाऱ्या पोरासारखा. कपाटातल्या पिवळ्या पडायला लागल्या. खिडकीतल्या आधी फिकट झाल्या, आणि मग एका सकाळी कडेला पोपटी ठिपका! मी एकटाच त्या रिकाम्या लॅबमध्ये टाळ्या वाजवत होतो.

त्याच दिवशी बशा वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत मांडीवर धरून, गंगाखेडची एसटी घेतली. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशवी वर ठेवा की."

"सांडंल."

"काय हाय, आमरस?"

"शेवाळ."

त्यानं तिकीट दिलं आणि पुन्हा माझ्या वाटेला आला नाही.

मित्र अंगणात खाटेवर बसला होता. मी बशा त्याच्यापुढं दोन रांगांत मांडल्या. तो बघताच उठून उभा राहिला. "कुठं ठेवल्या होत्यास?" पहिला प्रश्न तोच. मी सांगितलं: ह्या कपाटात, ह्या खिडकीत. शिडीचं सांगितलं, एन्झाइमचं सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळत गेला की मला बघवेना. "उजेडानं! अरे, उजेडानंच!" त्यानं बायकोला हाक मारली, "ये लवकर, तुझ्या कुकरनं बरोबर सांगितलं होतं!" मग एक बशी उचलून म्हणाला, "एकाच बशीच्या अर्ध्या भागावर कापड टाकून बघू. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी आली पाहिजे. मग कुणाला बोलायला जागाच नाही." मी हो म्हणालो. आणि मग तो थांबला. बशी खाली ठेवली.

"पण त्या वेळी तर कपाट बंद होतं."

"नव्हतं," मी म्हणालो. "एक्स्टर्नल आले होते. वरचा कप्पा मी खिडकीत ठेवला होता."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. त्यानं बशांची झाकणं एकेक करून सारखी केली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगितलंस," शेवटी म्हणाला. "मला कशाला? मला माहीत होतं माझे आकडे खरे आहेत. ज्यांच्यापुढं 'बंद होतं' म्हणालास, त्यांना सांग."

पेटी आणि नळी गंगाखेडला नेऊन अर्ध्या बशीचा तो प्रयोग आम्ही केला. त्याच्या अंगणात, त्याच्या खिडकीत. बशीच्या मधोमध सरळ रेघ आली, एका बाजूला हिरवं, एका बाजूला पिवळं, जणू कुणी पट्टी धरून रंगवलं. त्यानं ती हातात धरून उन्हाकडं केली आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो, त्या पहिल्या दिवसासारखं नाही, पण हसलो. मात्र त्यानं सांगितलेलं काम मी केलं नाही. मार्गदर्शक निवृत्त झाले, मग गेले. विभागप्रमुख गेले. नामांतराचा निर्णय झाला, भिंतींवर चुना फिरला, चहाच्या बैठका विस्कटल्या, आणि कुणाला सांगायचं हे विचारत मी म्हातारा झालो. ज्यांनी ते हसणं ऐकलं त्यांतले काही अजून परभणीत आहेत. त्यांचे विद्यार्थीही आता शिकवतात, आणि त्यांच्यापैकी एकानं परवा एका लग्नात मला मित्राचं नाव काढून विचारलं, "ते आकडेवाले सर ना?"

म्हणून हे लिहिलं आहे. त्यानं आकडे कुठूनही आणले नव्हते. त्याचा प्रत्येक आकडा खरा होता. कपाट मी उघडलं होतं आणि बंद होतं असं मी सांगितलं.

काल त्याला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. तोही आता थकला आहे, कमी ऐकू येतं, काही वाक्यं दोनदा वाचावी लागली. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "खिडकी कुठल्या दिशेची होती?"

"पूर्वेची."

"काच लावलेली होती का उघडी?"

"लावलेली. शिपायानं धुळीमुळं लावून घेतली होती."

"मग तेही लिही," तो म्हणाला. "बशीच्या पातळ झाकणातून थोडे अतिनील किरण जातात, खिडकीची जाड काच ते अडवते आणि चांगला उजेड आत सोडते. काच उघडी असती तर कदाचित मेलं असतं. हे लिहिलं नाहीस तर दुसऱ्याला पडताळून बघता येणार नाही."

तर खिडकी पूर्वेची होती. काच लावलेली होती. सकाळचं ऊन होतं.